न दिसणाऱ्या ग्रहाची हवा कशी मोजतात?

अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंनी विचारलं आहे: "ज्या ग्रहाचा साधा फोटोही निघत नाही, त्याच्या हवेत मिथेन आहे, कार्बन डायऑक्साइड आहे, हे इतक्या ठामपणे कसं सांगतात? आणि के२-१८ बी या ग्रहावर जीवसृष्टीची खूण सापडल्याची बातमी खरी मानायची का? वर्गात मुलं विचारतात, मी काय सांगू?"

मी गेली पंधराएक वर्षं याच कामात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पण उत्तर आधीच देऊन टाकते. मिथेन खरा आहे. जीवसृष्टीची खूण खरी मानू नका, निदान आज तरी. या दोन विधानांत एवढा फरक का, ते कळण्यासाठी आधी हे मोजमाप होतं कसं ते पाहू.

८ जून २००४ ला शुक्राचं अधिक्रमण ज्यांनी पाहिलं असेल, त्यांना तो काळा ठिपका आठवत असेल. सुमारे सहा तास तो सूर्यबिंबावरून सरकत होता आणि तेवढा वेळ आपल्याला सूर्यप्रकाश हजारात एका भागाने कमी मिळत होता. कुणालाही जाणवलं नाही, पण चांगल्या उपकरणाला ते सहज कळतं. दूरच्या ताऱ्यासमोरून त्याचा ग्रह जातो तेव्हा हेच होतं. ठिपका दिसत नाही, ताऱ्याचं बिंबही दिसत नाही. ताऱ्याचा प्रकाश ठरलेल्या वेळी किंचित उतरतो आणि पुन्हा वर येतो, एवढंच हाती लागतं. किती उतरला त्यावरून ग्रह किती मोठा ते कळतं.

आता हवेकडे येऊ. ग्रहाभोवती वातावरण असेल तर त्याच्या कडेने, कांद्याच्या पापुद्र्याएवढ्या पातळ थरातून, ताऱ्याचा थोडा प्रकाश आरपार येतो. त्या थरात सोडियम असेल तर सोडियमच्या रंगाचा प्रकाश अडतो, बाकीचा सुटतो. म्हणजे त्या एका रंगात पाहिलं तर ग्रह जरासा मोठा भासतो. मुलांना हे नीट सांगा, कारण इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. आम्ही वायू पाहत नाही. आम्ही एकाच ग्रहाचा आकार शेकडो रंगांत वेगवेगळा मोजतो आणि कुठल्या रंगात तो फुगलेला दिसतो ते पाहतो. प्रत्येक वायूची फुगवण्याची ठिकाणं ठरलेली आहेत आणि ती प्रयोगशाळेत मोजलेली आहेत.

पहिल्यांदा हे जमलं ते २००२ साली, एचडी २०९४५८ बी या ग्रहाच्या बाबतीत. साडेतीन दिवसांत ताऱ्याभोवती फेरी मारणारा हा गुरूसारखा तप्त वायुगोळा आहे. तो समोर आला की ताऱ्याचा प्रकाश सुमारे दीड टक्का कमी होतो. डेव्हिड शार्बोनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हबल दुर्बिणीने सोडियमच्या पिवळ्या रंगात मोजलं, तेव्हा घट आणखी ०.०२३२ टक्के जास्त भरली. दहा हजारांत सव्वादोन-अडीच भाग! या क्षेत्राची सुरुवात या आकड्यापासून झाली.

मग पृथ्वीसारख्या ग्रहाचं काय? सूर्यासमोरून पृथ्वी जाताना कुणी दुरून पाहिली तर घट भरेल ०.००८४ टक्के, आणि त्यात हवेचा वाटा साधारण दहा लाखांत एक. हे आजच्या कुठल्याही दुर्बिणीच्या आवाक्याबाहेर आहे. म्हणूनच आम्ही सगळे लहान, लाल, थंड ताऱ्यांमागे धावतो. ट्रॅपिस्ट-१ ची त्रिज्या सूर्याच्या १२ टक्के आहे. तोच पृथ्वीएवढा ग्रह, तीच हवा त्याच्यासमोर ठेवली तर परिणाम सुमारे ७० पट मोठा दिसतो. बातम्यांत सतत लाल बटू ताऱ्यांचे ग्रह येतात ते याच हिशेबामुळे. तिथे जीवसृष्टीची शक्यता जास्त आहे म्हणून नव्हे.

इथे थोडं आडवळण घेते, कारण ते आपल्याकडचं आहे. सिंधुदुर्गातल्या विजयदुर्ग किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' दाखवतात आणि सांगतात की १८६८ साली नॉर्मन लॉकयर यांनी इथूनच हेलियम शोधला. लॉकयर यांनी सूर्याच्या वर्णपटातली, म्हणजे रंगांत विखुरलेल्या प्रकाशातली, हेलियमची पिवळी रेषा पाहिली १८६८ च्या ऑक्टोबरात, ग्रहण नसताना, आणि तीही इंग्लंडमधून. विजयदुर्गावर ते खरंच आले होते, पण ३० वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. त्याच ग्रहणाला पुण्याचे कावसजी दादाभाई नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला दुर्बिणी लावून बसले होते. मला या गोष्टीत महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच. ती पिवळी रेषा दिसल्यावर पृथ्वीवर हेलियम हाती लागायला २७ वर्षं गेली. तोवर अनेक नामवंतांना ती रेषा दुसऱ्या कशाची तरी असावी असं वाटत होतं, आणि त्यांचा संशय वावगा नव्हता. रेषा दिसणं वेगळं, ती कुणाची हे सिद्ध होणं वेगळं. २०१८ मध्ये हाच हेलियम वास्प-१०७ बी या ग्रहाच्या वरच्या हवेत सापडला. ग्रहाची हवा अवकाशात निसटून चालली आहे, तिच्यात. वाचताना मला विजयदुर्गच आठवला होता.

आता प्रत्यक्ष काम कसं चालतं ते सांगते. जेम्स वेब दुर्बिणीने जुलै २०२२ मध्ये वास्प-३९ बी या ग्रहाकडे सुमारे आठ तास टक लावून पाहिलं. हा ग्रह वजनाने शनीएवढा, पण तापलेला, साधारण ९०० अंश सेल्सिअस. गुरुत्व कमी आणि उष्णता प्रचंड, त्यामुळे त्याची हवा फुगलेली आहे. पृथ्वीवर दर साडेआठ किलोमीटर वर गेलं की हवेचा दाब जितक्या पटीने घटतो, तितका घटायला तिथे जवळजवळ हजार किलोमीटर चढावं लागेल. मोजायला असा ग्रह सोन्यासारखा.

त्या आठ तासांतून चित्र मिळत नाही, मिळते आकड्यांची रास. दर काही सेकंदांनी एक वर्णपट, असे हजारो. एकेक तरंगलांबी, म्हणजे एकेक रंग, घेऊन वेळेप्रमाणे आलेख काढायचा की मध्ये एक खड्डा दिसतो: सपाट, उतार, तळ, चढ, पुन्हा सपाट. हा झाला प्रकाशवक्र. पण 'सपाट' म्हटलेला भाग कधीच सपाट नसतो. प्रकाश टिपणारा संवेदक सुरुवातीला स्थिरावायला वेळ घेतो, म्हणून पहिला तुकडा किंचित तिरका येतो. वैश्विक किरणांचे ठिपके काढावे लागतात. याच ग्रहाच्या दुसऱ्या एका निरीक्षणात अधिक्रमण चालू असतानाच दुर्बिणीच्या आरशाचा एक षटकोनी तुकडा सूक्ष्म कलला आणि आलेखात पायरी पडली. ती पायरी ग्रहाची नाही हे ओळखून तिचा परिणाम काढून टाकावा लागला. आमचे दिवस जातात ते यात. वायू शोधण्याचा टप्पा शेवटी येतो आणि तुलनेने लवकर उरकतो. मी तरुण सहकाऱ्यांना सांगते की खड्ड्याचा तळ नंतर बघा, आधी दोन्ही बाजूंचे काठ सरळ करा. काठ वाकडे राहिले तर खोली चुकते, खोली चुकली तर आकार चुकतो, आणि मग नसलेला वायू 'सापडतो'.

वास्प-३९ बीच्या बाबतीत हे काम वेगवेगळ्या लोकांनी, आपापल्या प्रणालीने, स्वतंत्रपणे केलं. ४.३ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीला ठळक उंचवटा आला, म्हणजे तिथे ग्रह फुगलेला दिसला, सगळ्यांना सारखाच. तो कार्बन डायऑक्साइड. शंकेला जागाच उरली नाही. पण शेजारी, ४ मायक्रॉनच्या जरा पुढे, आणखी एक लहान उंचवटा होता आणि तो आमच्या नेहमीच्या यादीतल्या कुठल्याच वायूशी जुळेना. घाईने काही जाहीर झालं नाही. पुढे लक्षात आलं की तो सल्फर डायऑक्साइड आहे. ताऱ्याच्या अतिनील प्रकाशाने रेणू फुटतात, पाण्यातून आलेला ऑक्सिजन हायड्रोजन सल्फाइडमधल्या गंधकाशी जुळतो आणि हा वायू तयार होतो. परग्रहाच्या हवेत प्रकाशाने घडणारं रसायन असं उघड दिसण्याची ही पहिली वेळ. मला सगळ्यात भावलं ते पुढचं. हे स्पष्टीकरण बरोबर असेल तर ७.७ आणि ८.५ मायक्रॉनलाही त्याच वायूच्या खुणा दिसल्या पाहिजेत. नंतर त्या तरंगलांबींना वेगळ्या उपकरणाने पाहिलं आणि खुणा तिथे होत्या. सिद्ध झालं म्हणायचं ते असं. एका ठिकाणी रेषा दिसली, दुसऱ्या ठिकाणी ती असायला हवी असं आधी सांगितलं, आणि मग ती तिथे मिळाली. के२-१८ बीकडे जाताना हे लक्षात ठेवा.

त्याआधी दोन अडचणी सांगायलाच हव्यात. एक ढगांची. जीजे १२१४ बी या ग्रहाची हबलने १५ अधिक्रमणं टिपली, २०१४ मध्ये निकाल आला आणि आलेख निघाला सरळ रेषेसारखा सपाट. हवा आहे, पण वर ढगांचं किंवा धुक्याचं झाकण. खालचं काहीच कळेना.

दुसरी अडचण ताऱ्याची, आणि ती मला जास्त छळते. ग्रहाची हवा मोजताना ताऱ्याचं बिंब एकसारखं आहे असं आपण धरून चालतो. लाल बटू ताऱ्यांवर मात्र मोठमोठे डाग असतात, आणि ते इतके थंड असतात की त्यांच्यात चक्क पाण्याची वाफ असते. सूर्यावरच्या गडद डागांतसुद्धा ती आढळली आहे. ग्रह डाग नसलेल्या पट्ट्यावरून गेला तर ताऱ्याच्या पाण्याची खूण ग्रहाच्या माथी लागते. ट्रॅपिस्ट-१ बाबत नेमका हाच घोळ आहे. चाळीसेक प्रकाशवर्षांवर सात खडकाळ ग्रह, सगळ्यांचं लक्ष तिकडे, आणि तारा एवढा डागाळलेला की ग्रहांचा सिग्नल त्याच्या गडबडीत बुडून जातो.

म्हणून त्यातल्या आतल्या ग्रहांसाठी वेगळी वाट काढली. ग्रह ताऱ्यामागे जातो तेव्हा किती प्रकाश कमी होतो ते अवरक्त किरणांत मोजायचं. जेवढा कमी झाला, तेवढी ग्रहाच्या दिवसाच्या बाजूची उष्णता. हवा असेल तर वारे उष्णता रात्रीच्या बाजूला नेतात आणि दिवसाची बाजू थंड राहते. हवा नसेल तर ती तव्यासारखी तापते. २०२३ मध्ये ट्रॅपिस्ट-१ बीचं तापमान भरलं सुमारे २३० अंश सेल्सिअस, जवळजवळ उघड्या खडकाचं जेवढं असावं तेवढं. त्याच्या पुढच्या सी ग्रहाचं सुमारे ११० अंश. शुक्रासारखं कार्बन डायऑक्साइडचं जाड पांघरूण असतं तर ते याहून बरंच कमी भरलं असतं. 'हवा नाही' हा निकाल अनेकांना निराशेचा वाटतो, मला नाही वाटत. चाळीस प्रकाशवर्षांवरच्या खडकाचा ताप आपण मोजला!

माझ्या स्वतःच्या कामातली एक गोष्ट सांगते. जमिनीवरच्या मोठ्या दुर्बिणींनी काम करायची एक सुंदर पद्धत आहे. ग्रह ताऱ्याभोवती सेकंदाला शंभर-दीडशे किलोमीटर वेगाने फिरतो, त्यामुळे त्याच्या हवेतल्या रेषा अधिक्रमणाच्या काही तासांत हळूहळू सरकत जातात. ताऱ्याच्या आणि आपल्या हवेच्या रेषा मात्र जवळजवळ जागेवर राहतात. जे सरकतं ते ग्रहाचं. २०१० मध्ये इग्नास स्नेलेन यांच्या गटाने चिलीतल्या व्हीएलटी या मोठ्या दुर्बिणीवरून एचडी २०९४५८ बीवरचा कार्बन मोनॉक्साइड असाच टिपला होता. मी नवी होते तेव्हा एका ग्रहासाठी मला या पद्धतीने पाण्याचा सिग्नल मिळाला. छान उंच शिखर. दोन दिवस मी त्याच आनंदात होते. मग एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी एकच प्रश्न विचारला: "शिखर कुठल्या वेगाला आहे?" ते शून्याला होतं, आपल्या वेधशाळेच्या वेगाला. मला सापडलेलं पाणी त्या रात्री दुर्बिणीवरच्या हवेतलं होतं. आपल्या हवेच्या रेषा मी पुरत्या पुसल्या नव्हत्या. तेव्हापासून काहीही सापडलं की मी आधी ग्रह सोडून बाकी सगळ्यांवर आळ घेते: आपली हवा, संवेदक, तारा, आणि माझं गृहीत. सगळे निर्दोष सुटले तरच ग्रहाकडे वळते.

आता के२-१८ बी. सिंह राशीत, १२४ प्रकाशवर्षांवर. वस्तुमान पृथ्वीच्या साडेआठ पट, त्रिज्या २.६ पट, ३३ दिवसांचं वर्ष, तारा लाल बटू. २०१९ मध्ये हबलच्या निरीक्षणांवरून जगभर मथळे आले की राहण्याजोग्या अंतरावरच्या ग्रहावर पाण्याची वाफ. खूण १.४ मायक्रॉनला होती. पण तिथे मिथेनही प्रकाश शोषतो. २०२३ मध्ये जेम्स वेबने जास्त रुंद पट्टा पाहिला, तेव्हा मिथेन एकाहून अधिक ठिकाणी लख्ख दिसला, कार्बन डायऑक्साइडही दिसला, आणि पाण्याची ठळक खूण काही मिळाली नाही. म्हणजे २०१९ चा उंचवटा खरा होता, नाव चुकलं होतं.

हे २०२३ चं काम केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटाचं. मधुसूदन मूळचे आपल्याकडचे, वाराणसीच्या आयआयटीत शिकलेले. त्याच शोधनिबंधात त्यांनी डायमिथिल सल्फाइडचा अगदी पुसट इशारा नोंदवला. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींमुळे तयार होतो, म्हणून त्याचं एवढं कौतुक. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी वेगळ्या उपकरणाने, मध्यम अवरक्त पट्ट्यात, पुन्हा पाहिलं आणि तो वायू किंवा त्याचा जवळचा भाऊ डायमिथिल डायसल्फाइड असल्याचा दावा 'तीन सिग्मा' पातळीवर केला. आपल्याकडच्या वाहिन्यांवर ती बातमी तुम्ही पाहिली असेल.

तीन सिग्मा म्हणजे अशी खूण निव्वळ योगायोगाने उमटण्याची शक्यता हजारात तीन. ऐकायला भक्कम वाटतं. पण हजारात तीन हे तुलनेतून येतं: 'हे दोन वायू आहेत' असा नमुना विरुद्ध 'नाहीत' असा नमुना. तिसरा कुणी वायू असू शकतो, हा प्रश्न त्या आकड्यात येतच नाही. इतर गटांनी तोच डेटा घेऊन वेगळ्या रीतीने आवरला, तर खूण फिकी पडली किंवा गेलीच. काहींनी उमेदवारांची यादी वाढवली, तर त्याच वळणांवर दुसरे, जीवसृष्टीशी संबंध नसलेले हायड्रोकार्बनही तितकेच चपखल बसले. शिवाय डायमिथिल सल्फाइड ६७पी या धूमकेतूवरही सापडलं आहे, जिथे शेवाळ असण्याचा प्रश्नच नाही. आणि मुळात हा ग्रह समुद्रावर हायड्रोजनची चादर ओढलेला आहे, की नेपच्यूनचा धाकटा भाऊ, ज्याच्यावर उभं राहायला पृष्ठभागच नाही, यावरच एकमत नाही.

सल्फर डायऑक्साइडची गोष्ट याच्या शेजारी ठेवून बघा. तिथे उंचवटा आधी दिसला, नाव नंतर मिळालं, आणि त्या नावाने जे भाकीत केलं ते दुसऱ्या पट्ट्यात खरं ठरलं. इथे नाव आधी होतं आणि उंचवटा त्याला जेमतेम पुरतो. मधुसूदन यांच्या गटाने चूक केली असं मी म्हणत नाही. आणखी निरीक्षणं हवीत हे त्यांनी स्वतःच म्हटलं होतं. दावा मांडणं, डेटा खुला असणं, इतरांनी तो तपासणं, हे सगळं जसं व्हायला हवं तसंच झालं. मधल्या मध्ये 'इशारा' या शब्दाचा 'पुरावा' झाला, एवढंच मला खटकतं, कारण वर्गातली मुलं तोच शब्द घेऊन येतात.

तर मुलांना सांगताना बातमीतले तीन-चार प्रश्न त्यांनाच शोधायला लावा. खूण एकाच तरंगलांबीला आहे की अनेक ठिकाणी? दुसऱ्या कुणी तोच डेटा तपासला का? ताऱ्याच्या डागांचं काय केलं? दुसरा कुठला वायू तिथे बसतो का? अकरावीच्या मुलांना हे सहज झेपतं.

आणि शक्य असेल तर त्यांना एक अधिक्रमण स्वतः मोजू द्या. वर्णपट घरून जमणार नाही, पण प्रकाशवक्र जमतो. एचडी १८९७३३ हा तारा जंबुक तारकासमूहात, डंबेल तेजोमेघाच्या अगदी शेजारी आहे. ७.७ प्रतीचा, म्हणजे द्विनेत्रीतूनही दिसतो. त्याचा ग्रह दर २.२ दिवसांनी समोरून जातो आणि प्रकाश सुमारे २.४ टक्के कमी करतो. पावसाळा संपला की ऑक्टोबर-नोव्हेंबरात संध्याकाळी तो आपल्याकडून छान उंचावर असतो. सहा-आठ इंची दुर्बीण, ताऱ्यामागे आपोआप फिरणारी बैठक आणि एक कॅमेरा एवढं जमवा. शहरातल्या खगोल मंडळांकडे हे बहुधा असतंच. तारा किंचित फोकसबाहेर ठेवा म्हणजे प्रकाश जास्त पिक्सेलवर पसरतो आणि संवेदक भरून वाहत नाही. शेजारचे दोन-तीन तारे तुलनेला घ्या. अधिक्रमण पावणेदोन-दोन तासांचं असतं, पण आधी एक तास आणि नंतर एक तास मोजणं सोडू नका. त्या काठांशिवाय मधल्या खड्ड्याची खोली कळत नाही. युरोपच्या एरियल या नियोजित दुर्बिणीला सुमारे हजार ग्रहांच्या हवेचा अभ्यास करायचा आहे, आणि त्यासाठी अधिक्रमणांच्या अचूक वेळा लागतात. 'एक्सोक्लॉक' या प्रकल्पात जगभरातले हौशी निरीक्षक अशा वेळा पाठवतात. तुमच्या मुलांची नोंद नीट असेल तर तीही तिथे घेतली जाईल.